हिरव्या पाटीमागचा चीन

सुरतेहून नागपूरकडे जाणारा ५३ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग धुळ्याहून पारोळा, एरंडोल करत जळगावात येतो आणि पुढे भुसावळ, मुक्ताईनगरकडे निघतो. केळीचे ट्रक, कापसाने फुगलेल्या गाड्या, लग्नसराईत वऱ्हाड घेऊन निघालेल्या क्रूझर या सगळ्यांच्या गर्दीत आता हिरव्या पाटीची एमएच १८ किंवा एमएच १९ अधूनमधून दिसू लागली आहे. हिरवी पाटी म्हणजे विजेवर चालणारी गाडी. त्यातल्या बऱ्याच टाटांच्या, काही महिंद्राच्या, काही एमजीच्या. ‘मी चिनी गाडी घेतली’ असं यांपैकी एकही मालक म्हणणार नाही. तरीही जवळजवळ प्रत्येक गाडीत चीन कमीअधिक प्रमाणात आहे. तो कुठे आणि किती आहे हे पाहिलं, की जगात चाललेल्या या वाहनबदलात खान्देश नेमका कुठे उभा आहे तेही दिसू लागतं.

एमजी विंडसरपासून सुरुवात करू. ही गाडी ११ सप्टेंबर २०२४ रोजी भारतात आली. नाव इंग्लंडच्या राजवाड्याचं, बिल्ला जुन्या ब्रिटिश कंपनीचा, कारखाना आपल्या शेजारच्या गुजरातमधल्या हालोलचा. पण मूळ गाडी चीनमधली वुलिंग क्लाउड. एमजी हा ब्रँड शांघायच्या सैक या सरकारी मालकीच्या कंपनीकडे आहे. हालोलचा कारखाना तिने २०१७मध्ये जनरल मोटर्सकडून घेतला, आणि पुढे सज्जन जिंदल यांच्या जेएसडब्ल्यू समूहाने भारतातल्या कंपनीत ३५ टक्के हिस्सा घेतला. विंडसरची किंमत दोन भागांत सांगितली गेली. बॅटरी वगळून गाडी ९ लाख ९९ हजारांना, आणि बॅटरीचं भाडं किलोमीटरमागे साडेतीन रुपये. बॅटरी गाडीपासून वेगळी काढून भाड्याने देण्याची ही पद्धत चीनच्या निओ कंपनीने २०२०मध्येच आपल्या देशात सुरू केली होती. भारतात ती नवी होती, आणि दहा लाखांच्या आतला आकडा ऐकून लोक शोरूममध्ये आले. पुढे कितीतरी महिने विंडसर ही देशातली सर्वाधिक खपाची इलेक्ट्रिक कार ठरली.

खुद्द महाराष्ट्रातही चिनी कार बनणार होती. पुण्याजवळच्या तळेगावचा जनरल मोटर्सचा कारखाना ग्रेट वॉल मोटर्स ही चिनी कंपनी घेणार होती. फेब्रुवारी २०२०च्या वाहन प्रदर्शनात तिने ओरा आर-१ नावाची छोटी इलेक्ट्रिक गाडी मांडलीही होती. १५ जून २०२० रोजी राज्य सरकारने ग्रेट वॉलशी ३,७७० कोटी रुपयांचा सामंजस्य करार केला. त्याच रात्री गलवान खोऱ्यात आपले वीस जवान हुतात्मा झाले. आठवड्याभरात राज्याने तीन चिनी कंपन्यांचे मिळून सुमारे पाच हजार कोटींचे करार थांबवले. सीमेला लागून असलेल्या देशांतून येणाऱ्या गुंतवणुकीला केंद्राची आगाऊ मंजुरी हवी, हा नियम त्याआधी एप्रिलमध्येच आला होता. दोन वर्षं वाट पाहून २०२२मध्ये ग्रेट वॉल परत गेली, आणि तळेगावचा कारखाना अखेर ह्युंदाईकडे गेला. पुढच्याच वर्षी बीवायडी या चिनी कंपनीने हैदराबादच्या मेघा इंजिनिअरिंगसोबत एक अब्ज डॉलरचा कारखाना मागितला, तोही केंद्राने नाकारला. गलवाननंतर याहून वेगळा निर्णय होणं शक्य नव्हतं, आणि व्हायलाही नको होता.

पण दारावर अडवलेली कंपनी आणि घरात आलेलं तंत्र या दोन गोष्टी आहेत. १ जून २०२२ रोजी एसटीची पहिली इलेक्ट्रिक बस ‘शिवाई’ पुण्याहून नगरकडे निघाली. ती बस ज्या ओलेक्ट्रा कंपनीची, ती मेघा समूहातलीच, आणि तिची तंत्रज्ञानातली भागीदार बीवायडी. पुण्यात पीएमपीच्या थांब्यावर उभा राहणारा नोकरदार २०१९पासून याच तंत्राच्या बसमध्ये चढतो आहे. चाकणला बनणाऱ्या महिंद्राच्या बीई ६ या गाडीतले बॅटरीचे सेल बीवायडीचे आहेत. टाटांच्या गटातल्या टाटा ऑटोकॉम्पने बॅटरीसाठी चीनच्या गोशन कंपनीशी भागीदारी केली आहे. जुलै २०२५मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलात अमेरिकेच्या टेस्लाचं पहिलं भारतीय शोरूम उघडलं, आणि तिथे ठेवलेली मॉडेल वाय शांघायहून आलेली होती. जळगावच्या माणसाला चिनी नावाची कार क्वचितच दिसेल. चिनी सेल मात्र त्याच्या आसनाखाली असण्याचीच शक्यता जास्त.

एवढं सामर्थ्य आलं कुठून, हा या प्रकरणाचा खरा विषय.

आधी आकडे. चीनच्या वाहन उत्पादक संघटनेच्या नोंदीनुसार तिथे ‘नव्या ऊर्जेची’ वाहनं २०२०मध्ये १३ लाख ६७ हजार खपली. २०२१मध्ये हा आकडा ३५ लाख, २०२२मध्ये जवळजवळ ६९ लाख, २०२३मध्ये ९५ लाख आणि २०२४मध्ये १ कोटी २८ लाखांवर गेला. चार वर्षांत नऊपटींहून जास्त. जुलै २०२४मध्ये चीनमध्ये ग्राहकांनी घेतलेल्या प्रवासी गाड्यांपैकी निम्म्याहून अधिक या प्रकारच्या होत्या, आणि हे इतिहासात पहिल्यांदा घडलं. हे आकडे वाचताना दोन गोष्टी लक्षात ठेवायला हव्यात, कारण वर्तमानपत्रांत त्या बहुधा गळतात. पहिली, यात केवळ विजेवर चालणाऱ्या गाड्यांबरोबर पेट्रोल इंजिन आणि प्लगवर चार्ज होणारी बॅटरी असं दोन्ही असलेल्या गाड्याही मोजलेल्या आहेत. २०२४मधल्या निव्वळ इलेक्ट्रिक गाड्या साधारण ७७ लाख होत्या. दुसरी, संघटनेचा आकडा कारखान्यातून निघालेल्या मालाचा असतो आणि त्यात निर्यातही येते. एवढं वजा करूनही उरतं ते प्रचंडच आहे. आपल्याकडे २०२४-२५ या आर्थिक वर्षात देशभरात मिळून इलेक्ट्रिक कार एक लाखाच्या थोड्या वर गेल्या. शंभर नव्या गाड्यांमागे अडीच.

चीनमध्येही ही मागणी आपोआप उगवलेली नाही. २००७ ते २०१८ या काळात तिथे वान गांग विज्ञान-तंत्रज्ञान मंत्री होते. ते स्वतः मोटार अभियंता, जर्मनीत आउडी कंपनीत अनेक वर्षं काम केलेले. पेट्रोल इंजिनात जर्मनी आणि जपानला गाठणं आपल्याला फार अवघड आहे, पण बॅटरीच्या शर्यतीत सगळेच आरंभरेषेवर आहेत, ही त्यांची मांडणी. २००९मध्ये ‘दहा शहरं, हजार वाहनं’ ही योजना आली, त्यात आधी बस आणि टॅक्सी. मग खासगी ग्राहकाला अनुदान, २०१४पासून खरेदीकर माफ. पण मला अनुदानाहून परिणामकारक वाटते ती नंबरप्लेटची गोष्ट. शांघायमध्ये पेट्रोल गाडीची पाटी लिलावात घ्यावी लागे आणि तिचा भाव छोट्या गाडीच्या किमतीच्या घरात जाई. बीजिंगमध्ये तर सोडत. कित्येक कुटुंबांचा नंबर वर्षानुवर्षं लागत नसे. इलेक्ट्रिक गाडीला शांघायने पाटी फुकट दिली. ग्राहकाला पर्यावरणावर व्याख्यान द्यावं लागलं नाही.

अनुदानाच्या पैशाचा गैरवापरही झाला. २०१६मध्ये चीनच्याच अर्थ मंत्रालयाने जाहीर केलं, की पाच कंपन्यांनी न बनवलेल्या, न विकलेल्या गाड्यांवर एक अब्ज युआनहून जास्त अनुदान लाटलं. वॉशिंग्टनच्या सीएसआयएस या अभ्याससंस्थेच्या अंदाजाने २००९ ते २०२३ या काळात चीन सरकारचा या क्षेत्राला मिळालेला आधार सुमारे २३० अब्ज डॉलरचा होता. त्यातलं बरंच वाया गेलं. जे उरलं त्यातून मात्र सेलचे कारखाने उभे राहिले, आणि खरा पालट तिथे झाला.

सेलची गोष्ट थोडी विस्ताराने सांगायला हवी. गाडीच्या बॅटरीची क्षमता किलोवॉट-तासात मोजतात. महावितरणच्या बिलावरचं ‘एक युनिट’ ते हेच. विंडसरची बॅटरी ३८ युनिटांची, म्हणजे पंखे, दिवे आणि फ्रिज एवढ्यावर भागवणारं जळगावातलं साधं घर आठवडाभर जेवढी वीज वापरतं तेवढी ती एकदम साठवते. २०१०मध्ये एका युनिटाची बॅटरी बनवायला हजार डॉलरहून जास्त खर्च येई. ब्लूमबर्गएनईएफ या संशोधनसंस्थेच्या पाहणीनुसार २०२४मध्ये जगाची सरासरी ११५ डॉलर होती आणि चीनमध्ये १०० डॉलरच्याही खाली. चौदा वर्षांत दहापट स्वस्ताई.

यात एक रसायन निर्णायक ठरलं, लिथियम आयर्न फॉस्फेट. बाजारात त्याला एलएफपी म्हणतात. त्यात कोबाल्ट नाही, निकेल नाही. लोह आणि फॉस्फेट दोन्ही स्वस्त. हे रसायन बॅटरीत चालतं हे १९९७मध्ये अमेरिकेतल्या टेक्सास विद्यापीठातून प्रसिद्ध झालं. त्या शोधनिबंधावर जॉन गुडइनफ यांच्याबरोबर दोन भारतीय नावं आहेत, अक्षय पाधी आणि के. एस. नंजुंडस्वामी. गुडइनफ यांना पुढे २०१९मध्ये रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. पाधी आणि नंजुंडस्वामी ही नावं आपल्या शाळा-कॉलेजांत कुणी घेत नाही याचं मला वाईट वाटतं. या शोधाचे पेटंट हक्क ज्यांच्याकडे होते त्यांनी चिनी कंपन्यांना एक मुभा दिली. देशातल्या बाजारापुरतं बनवा, परवाना शुल्क नको. जगाने वजनाला जड म्हणून बाजूला ठेवलेल्या या रसायनावर चिनी कारखान्यांनी वर्षानुवर्षं हात बसवला. २०२०मध्ये बीवायडीने लांब, पात्यासारखे सेल थेट बॅटरीच्या पेटीत रचून जागा वाचवली आणि वजनाची अडचण बरीच कमी केली. २०२२च्या सुमारास पेटंटची मुदत संपली तेव्हा जगातले जवळजवळ सगळे एलएफपी सेल चीनमध्ये बनत होते.

बीवायडी ही मुळात बॅटरीचीच कंपनी. वांग च्वानफू यांनी १९९५मध्ये शेन्झेनला मोबाइलच्या बॅटऱ्यांपासून सुरुवात केली, गाड्यांकडे ते २००३मध्ये वळले. फुजियान प्रांतातल्या निंगडे गावची कॅटल २०११ची, आणि ती तर गाडी बनवतच नाही. आज ती जगातली सर्वांत मोठी वाहन-बॅटरी कंपनी आहे. २०२५मध्ये निव्वळ इलेक्ट्रिक गाड्यांच्या वार्षिक खपात बीवायडीने टेस्लाला मागे टाकलं.

तरीही बीजिंग-शांघायची कथा जळगाव-धुळ्याला फारशी लागू पडत नाही. आपल्याकडे पाटीचा लिलाव नाही, सोडत नाही. आपल्याला जवळचं शहर आहे ल्यूजौ. दक्षिण चीनमधल्या ग्वांगशी प्रांतातलं, पोलाद आणि मोटारींच्या कारखान्यांचं, चकचकाट नसलेलं. वुलिंगचा कारखाना इथलाच, म्हणजे हिरव्या पाटीच्या एमएच १९ विंडसरची वंशावळ या गावापर्यंत पोचते. २०१७पासून इथल्या नगर प्रशासनाने कंपनीला हाताशी धरून साध्या साध्या गोष्टी केल्या. लोकांना छोटी इलेक्ट्रिक गाडी काही दिवस चालवून पाहायला दिली. शहरभर इलेक्ट्रिक गाड्यांसाठी राखीव जागा आखल्या आणि तिथे गाडी उभी करणं फुकट ठेवलं. महागडे वेगवान चार्जर सगळीकडे बसवण्याऐवजी पार्किंगमध्ये, इमारतींच्या आवारात घरच्यासारखे साधे २२० व्होल्टचे सॉकेट लावले. छोट्या बॅटरीला रात्रभरात तेवढं पुरतं. काही वर्षांत ल्यूजौमध्ये विकल्या जाणाऱ्या दर तीन-चार गाड्यांमागे एक इलेक्ट्रिक असू लागली.

याच गावातून जुलै २०२०मध्ये वुलिंग होंगग्वांग मिनी आली. किंमत २८,८०० युआन, तेव्हाच्या हिशेबाने तीन लाख रुपयांच्या आसपास. लांबी तीन मीटरच्या आत, एका चार्जमध्ये सव्वाशे ते पावणेदोनशे किलोमीटर. स्वस्त प्रकारात एअरबॅगही नव्हती, आणि ही उणीव मला किरकोळ वाटत नाही. पण आतापर्यंत स्कूटर किंवा तीनचाकीवर भागवणाऱ्या कुटुंबांनी ती घेतली. मुलांना शाळेत सोडणं, भाजी आणणं, दुकानात जाणं. २०२१मध्ये जवळजवळ चार लाख गाड्या गेल्या. मिनी आली त्याच जुलै २०२०मध्ये सरकारने इलेक्ट्रिक गाड्या तालुक्यांत, खेड्यांत नेण्याची मोहीम सुरू केली होती. चीनची मागणी महानगरांनी सुरू केली खरी, पण तिला आजचा आकार आला तो अशी मधली गावं आत शिरल्यावर. एमजीची कॉमेट ही याच घराण्यातली. एप्रिल २०२३मध्ये ती भारतात आली ती ७ लाख ९८ हजारांना. एवढ्या पैशांत खान्देशातलं कुटुंब पाच जण आणि सामान मावणारी पेट्रोल गाडी घेतं, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही.

आता आपला हिशेब. अहिराणी मुलखात शोरूममधला पहिला प्रश्न ठरलेला, ‘एक चार्जमा गाडी कितली चालस?’ विंडसरच्या ३८ युनिटांवर कागदोपत्री ३३२ किलोमीटर लिहिलेले आहेत. एसी लावून महामार्गाच्या वेगाने अडीचशेच्या आसपास धरावेत. धुळे-जळगाव सुमारे ९५ किलोमीटर, जाऊन-येऊन निभावतं. धुळ्याहून नाशिक सुमारे १६०, जळगावहून छत्रपती संभाजीनगरही तेवढंच. जाता येतं, पण परतण्याआधी चार्ज करावं लागतं. जळगाव-पुणे चारशे, तिथे वाटेत थांबणं आलंच. राज्याच्या २०२५च्या इलेक्ट्रिक वाहन धोरणात राष्ट्रीय महामार्गांवर दर २५ किलोमीटरला चार्जिंगची सोय करण्याचं म्हटलं आहे. ते जेवढं लवकर प्रत्यक्षात येईल तेवढी पारोळ्याच्या, चाळीसगावच्या ग्राहकाची भीती कमी होईल.

खर्चाचं गणित बहुतेक जाहिराती अर्धंच सांगतात. एका युनिटला सहा-सात किलोमीटर आणि घरची वीज दहा-बारा रुपये युनिट धरली, तर किलोमीटरला दोन रुपयांच्या आत खर्च येतो. पेट्रोल शंभराच्या वर आणि अॅव्हरेज पंधरा धरलं तर सात रुपये. महिन्याला हजार किलोमीटर धावणाऱ्याचे पाच हजार वाचतात. भुसावळ-जळगाव रोज ये-जा करणारा डॉक्टर, सावदा-रावेरच्या बागांत फिरणारा केळीचा व्यापारी, शहादा-धुळे करणारा एजंट यांना ही गाडी खरोखर परवडते. महिन्याला तीनशे किलोमीटर फिरणाऱ्या घराला मात्र जास्तीची किंमत भरून निघायला फार वर्षं लागतात. आणि बॅटरी भाड्याने घेतली तर सुरुवातीच्या दराने साडेतीन रुपये भाडं अधिक दोन रुपये वीज, झाले साडेपाच. पेट्रोलशी फरक उरला दीड रुपयाचा. पहिला आकडा दहा लाखांच्या आत येतो त्याची भरपाई प्रत्येक किलोमीटरला होत असते. त्यातच २२ सप्टेंबर २०२५पासून छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला. इलेक्ट्रिकवर तो पाचच टक्के आहे, पण दोन किमतींतलं अंतर पेट्रोलच्या बाजूने थोडं सरकलं.

मे महिन्यातल्या ४५ अंशांचं काय, हा दुसरा प्रश्न. कडाक्याची थंडी एका फेरीतलं अंतर झपाट्याने कमी करते. म्हणून चीनमध्येही बर्फाळ ईशान्येपेक्षा उष्ण दक्षिणेत या गाड्या आधी आणि जास्त रुजल्या. उष्णतेचा घाव वेगळा असतो. अंतर फारसं घटत नाही, बॅटरीचं आयुष्य घटतं. एलएफपी सेल उन्हात इतर रसायनांहून स्थिर असतो आणि सहजासहजी पेट घेत नाही. खान्देशासाठी हेच रसायन योग्य, आणि त्याला पाण्याच्या अभिसरणाने थंड ठेवणारी यंत्रणा असलेली गाडी घ्यावी. गाडी सावलीत उभी करावी, आणि लांबून तापून आल्यावर लगेच वेगवान चार्जरला लावू नये. ल्यूजौही दमट, उकाड्याचं गाव आहे, तरी तिथे या गाड्या रुजल्या.

वीज येते कुठून हेही बघायला हवं. दीपनगरचं औष्णिक केंद्र भुसावळला लागूनच आहे. रात्री जळगावात चार्ज केलेली गाडी बऱ्याच अंशी कोळशावर चालते, हे मान्य करायला हवं. पण याच मुलखात साक्री तालुक्यात शिवाजीनगरला महानिर्मितीचा १२५ मेगावॉटचा सौर प्रकल्प २०१३पासून आहे, ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्यांची रांग आहे. छतावर तीन किलोवॉटचे सौर पॅनेल बसवले तर रोज बारा-एक युनिट मिळतात, म्हणजे सत्तर-ऐंशी किलोमीटर. त्याला पीएम सूर्यघर योजनेत ७८ हजारांपर्यंत अनुदान आहे. शांघायमधल्या तिसाव्या मजल्यावरच्या कुटुंबाला स्वतःचं छत नसतं. धुळ्याच्या देवपूरमधल्या, जळगावच्या पिंप्राळ्यातल्या बैठ्या घराला ते असतं. खान्देशाची ही बाजू भक्कम आहे, आणि तिच्याबद्दल शोरूममध्ये कुणी बोलत नाही.

चीनच्या वाढीची दुसरी बाजू ग्राहकाने तर नक्कीच ओळखावी. तिथे एवढे कारखाने झाले की किमतींचं युद्ध पेटलं. मे २०२५मध्ये बीवायडीने बावीस मॉडेलांच्या किमती एकदम उतरवल्या, काहींच्या तर तिसऱ्या हिश्शाने, आणि शेवटी सरकारला कंपन्यांना आवरावं लागलं. २०२३मध्ये डब्ल्यूएम मोटर दिवाळखोरीत गेली. तिच्या गाड्या घेतलेल्यांना सुटे भाग आणि सॉफ्टवेअर मिळणं अवघड झालं. जास्तीचा माल बाहेर निघाला तेव्हा २०२४मध्ये अमेरिकेने चिनी इलेक्ट्रिक गाड्यांवर १०० टक्के आयातशुल्क लावलं, युरोपीय संघाने आधीच्या दहा टक्क्यांवर आणखी ३५ टक्क्यांपर्यंत. आणि एप्रिल २०२५मध्ये चीनने दुर्मीळ मृदा धातूंच्या चुंबकांच्या निर्यातीवर बंधनं आणली. मोटरमधलं चुंबक मूठभर असतं, पण त्याच्याअभावी पुण्यात बजाजच्या चेतक स्कूटरचं उत्पादन अडचणीत आलं. सेल, चुंबक, बॅटरीत लागणारं शुद्ध केलेलं ग्रॅफाइट, तिन्हींच्या नाड्या एकाच देशाच्या हातात आहेत. सेलचे कारखाने आपल्याकडे व्हावेत म्हणून केंद्राने २०२१मध्ये १८,१०० कोटींची प्रोत्साहन योजना आणली. तिची गती फार मंद आहे, आणि ही दिरंगाई आपल्याला महागात पडते आहे. जळगावला लागून असलेल्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात टोयोटा आणि एथर यांचे कारखाने येत आहेत ही चांगली बातमी. पण गाडी इथे जोडली आणि सेल बाहेरून आणला तर तिचा सर्वांत महाग भाग परकाच राहतो.

बाहेरचं तंत्र आणून ते आपलंसं करणं खान्देशाला नवं नाही. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस जळगावच्या भवरलाल जैन यांनी ठिबक सिंचन हाती घेतलं तेव्हा ते इस्रायलचं तंत्र होतं आणि शेतकऱ्याला त्याची खात्री नव्हती. सरकारी अनुदान होतं, पण केवळ अनुदानावर नळ्या खपल्या नाहीत. शेतकऱ्यांना शिवारात नेऊन चालू ठिबक दाखवलं गेलं, नळ्या आणि ड्रिपर जळगावातच बनू लागले, बिघडलं तर दुरुस्तीला माणूस गावात पोचू लागला. नंतर ऊतिसंवर्धित ग्रँड नैन केळीही तशीच पसरली. ल्यूजौने गाड्यांबाबत केलं ते जवळजवळ हेच. डोळ्यांनी पाहू द्या, हाताळू द्या, जवळ बनवा, जवळ दुरुस्त करा.

म्हणून जळगाव आणि धुळ्याच्या महापालिकांकडे, बाजार समित्यांकडे आणि एसटीकडे मागावं ते फार खर्चाचं नाही. बसस्थानकाच्या वाहनतळावर, मार्केट यार्डात, जिल्हा रुग्णालयाच्या आवारात साधे पंधरा अँपिअरचे मीटर लावलेले सॉकेट द्या. दोन्ही शहरांतल्या आयटीआयमध्ये उच्च दाबाच्या बॅटरीच्या दुरुस्तीचं शिक्षण सुरू करा. आणि गाडी घ्यायला निघालेल्या वाचकाला एवढंच सांगणं, की बुकिंगचे पैसे भरण्याआधी चार गोष्टी लेखी मागून घ्या. सेल कोणत्या रसायनाचे आहेत, ते कोणत्या कंपनीचे आहेत, बॅटरीची हमी किती वर्षं आणि किती किलोमीटरची आहे, आणि ती बिघडली तर तुमच्याच जिल्ह्यात उघडून दुरुस्त होईल की नाही. चौथ्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ आलं तर ती गाडी अजून तुमच्या गावासाठी तयार नाही.